स्कॉटलंडमधला मुलव्हार्खर: वाट नसलेला डोंगर, मे महिना, एक दिवस. जमेल का?

मुलुंडचा_भटका:

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून आम्ही तिघे स्कॉटलंडला जातोय. बेन नेव्हिस डोंगर आणि स्काय बेट मुद्दाम टाळतोय. दक्षिण स्कॉटलंडमध्ये गॅलोवे फॉरेस्ट पार्कच्या आत मुलव्हार्खर नावाचा डोंगर आहे, उंची 692 मीटर. शेजारचा मेरिक (843 मीटर) त्या भागातला सर्वात उंच, म्हणून लोक तिथे जातात. मुलव्हार्खरला फारसं कोणी जात नाही असं दिसतं.

तिघांनाही सह्याद्रीत चालायची सवय आहे. नकाशा वाचता येतो, कंपास जेमतेम. उंची पाहिली तर माथेरानपेक्षाही कमी, म्हणून वाटतंय की सकाळी निघून दुपारी जेवायला खाली येता येईल. प्रश्न असे:

एकाच दिवसात मुलव्हार्खर आणि मेरिक दोन्ही होतील का, आणि कुठून सुरुवात करावी? पावसाळी ट्रेकचं आपलं सामान (पोंचो, ट्रॅकपँट, इथले ट्रेकिंगचे बूट) चालेल का? मेमध्ये चिलटांचा त्रास असतो का?

कातळटप्पा:

जेवायला खाली येणार नाही. दोन्ही माथे धरले तर नऊ ते दहा तास लागतात.

सुरुवात ग्लेन ट्रूलच्या ब्रूस स्टोन वाहनतळावरून करा. 1307 साली स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने इथे इंग्रजांवर मात केली, त्याची आठवण म्हणून ठेवलेली शिळा तिथे आहे. मेरिकची मळलेली वाट इथूनच सुटते आणि मुलव्हार्खरकडे जाणारीही. ब्यूकन ओढ्याचा पूल ओलांडला की फाटकातून डावीकडे तिरकी चढणारी पायवाट घ्या. ती गेअरलंड ओढ्याच्या खोऱ्यात शिरते. पुढे क्रमाने लॉख (म्हणजे तळं) व्हॅली, लॉख नेलड्रिकन, छोटं लॉख अ‍ॅरन आणि मग लॉख ईनॉख. नेलड्रिकनच्या पश्चिम टोकाशी 'मर्डर होल' म्हणून ओळखली जाणारी जागा नकाशावर दिसेल. तिच्या बाजूने, पण पाण्यापासून अंतर राखून जायचं. लॉख व्हॅलीपर्यंत वाट बऱ्यापैकी आहे. नेलड्रिकननंतर ती फुटत, विरत जाते, आणि ईनॉखच्या पुढे मुलव्हार्खरला वाट नाहीच असं धरून चला.

ईनॉख सुमारे 490 मीटर उंचीवर आहे, म्हणजे तिथून माथा जेमतेम 200 मीटर वर. पण तो चढ कातळाच्या फरशा आणि मधल्या गवताळ घळींमधून आहे. सरळ वर न जाता फरशा जोडत नागमोडी गेलात तर पाय कोरडे राहतात आणि वेळही वाचतो. माथ्यावरून परत ईनॉखच्या उत्तर काठाने पश्चिमेला या आणि रेडस्टोन रिग नावाच्या रुंद सोंडेने मेरिकवर चढा. तिथून बेनयेलरी (719 मीटर) आणि कल्शार्ग मार्गे मळलेल्या वाटेने वाहनतळ. ईनॉखला असा वळसा घालताना लॉखमधून बाहेर पडणारा ओढा कुठेतरी ओलांडावा लागतोच, ते गृहीत धरा.

एकूण साधारण 20 किलोमीटर आणि 1000 मीटर चढ. नेस्मिथच्या नियमाने (ताशी 5 किलोमीटर, शिवाय दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं) पावणेसहा तास निघतात. हा नियम विल्यम नेस्मिथने 1892 मध्ये मांडला, पण चांगल्या जमिनीसाठी. गॅलोवेत दीडपट नाही, 1.6 पट धरा. कारण तिथलं गवत. मोलिनिया नावाचं गवत गुडघ्याएवढे ठोंब करून वाढतं आणि दोन ठोंबांच्या मधल्या फटीत पाणी असतं. ठोंबावर पाय ठेवला तर तो कलंडतो, फटीत ठेवला तर घोटा मुरगळतो. अशा जमिनीवर ताशी अडीच किलोमीटर हा चांगला वेग.

घड्याळ असं लावा: आठला निघा, अकराला ईनॉख, साडेबाराला मुलव्हार्खर, दोनला परत ईनॉखचा पश्चिम काठ, साडेतीनला मेरिक, साडेपाच ते सहाला गाडी. मेच्या मध्यावर सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेडाची काळजी नाही. पण बाराला तुम्ही अजून ईनॉखच्याच काठाशी असाल तर मुलव्हार्खर करा आणि मेरिक सोडा, किंवा उलट. दोन्ही धरू नका.

पाऊसपाणी:

सामानाबद्दल. सह्याद्रीत पावसात भिजणं हा ट्रेकचाच भाग असतो, कारण जुलैतला पाऊसही बावीस-पंचवीस अंशांच्या हवेत पडतो. तिथे मेमध्ये पायथ्याशी 11 अंश असेल तर मेरिकच्या माथ्यावर साडेसहाच्या आसपास. दर 100 मीटरला साधारण 0.65 अंश उतरतात. ताशी 50 किलोमीटर वारा असला तर 6 अंशांची हवा अंगाला 0 अंशांसारखी लागते. हे कोरड्या माणसाचं गणित आहे, ओल्या कपड्यांत ते आणखी वाईट. हायपोथर्मियाला (शरीराचं तापमान धोकादायकपणे उतरणं) बर्फ लागत नाही, भिजणं आणि वारा पुरतात.

म्हणून पोंचो घरी ठेवा. वाऱ्यात तो डोक्यावर उलटतो आणि पायाखालचं दिसेनासं होतं. शिवणी सील केलेलं, टोपी आवळता येणारं जॅकेट घ्या आणि त्याच दर्जाची वरून घालायची पँट, जिला बाजूला निदान गुडघ्यापर्यंत चेन असेल, म्हणजे बूट न काढता चढवता येते. आत सिंथेटिक किंवा लोकरीचं बनियन आणि पातळ फ्लीस. सुती काहीही नको, जीन्स तर नकोच. सॅकमध्ये प्रत्येकाचा एक जाड जादा थर, जो फक्त थांबल्यावर घालायचा. हातमोजे दोन जोड, कारण पहिला जोड ओला होणारच. रेनकव्हर वाऱ्याने उडतं, म्हणून सॅकच्या आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी लावून तिचं तोंड पिळून बंद करा.

बूट: कातळासाठी इथले हलके बूट चांगले असतात, पण घोट्याखाली संपणारा कुठलाही बूट या गवतात नको. घोट्यावर येणारा बूट आणि गुडघ्यापर्यंतचे गेटर (बुटावरून पोटरीवर चढवायची आवरणं) हवेत. गेटर नसेल तर बूट कितीही वॉटरप्रूफ असो, पाणी वरून शिरतं. आणि एक लक्षात ठेवा: तिथला कातळ ग्रॅनाइटचा आहे. कोरडा असताना आपल्या बेसॉल्टपेक्षाही चांगला धरतो, पण ओला झाला की त्यावरच्या काळ्या दगडफुलाच्या थरावरून पाय सटकतो. उतरताना फरशीचा काळा भाग टाळून फिकट, खरखरीत भागावर पाय टाका.

मेचा दुसरा आठवडा चांगला निवडलात. चिलटं, म्हणजे तिथले मिज, साधारण मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत छळतात. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर वारा असला की ती उडत नाहीत. डोक्यावर घालायची बारीक जाळी तरी सोबत ठेवा, ती मुठीत मावते.

खिंडीतला_वारा:

कातळटप्पा यांनी दिलेली दिशा मी उलटी फिरवेन. आधी मळलेल्या वाटेने मेरिक, मग रेडस्टोन रिगने ईनॉखवर उतार, मग मुलव्हार्खर आणि शेवटी लॉखांच्या काठाने परत. दोन कारणं. मोठा चढ ताज्या पायांनी होतो. आणि तिथे दुपारनंतर वारा वाढण्याचा अंदाज असेल तर उघड्या 843 मीटरच्या माथ्यावर तुम्ही सकाळीच जाऊन आलेले असता, परतीची वाट खोऱ्यातून असते.

कातळटप्पा:

वाऱ्याचा मुद्दा मान्य. अंदाजात दुपारी वारा वाढणार असेल तर तुमचीच दिशा बरोबर. पण एरवी नाही. उलट दिशेने गेलात तर दिवसाची सर्वात वाईट जमीन, नेलड्रिकन ते गेअरलंडची दलदल, दमलेल्या पायांनी आणि वाट नसताना करावी लागते. घोटे तिथेच मुरगळतात. शिवाय एकदा मेरिकवरून ईनॉखला उतरलात की सुटकेची सोपी वाट उरत नाही: एकतर 350 मीटर पुन्हा चढा, नाहीतर न पाहिलेल्या दलदलीतून जा. माझ्या दिशेत ईनॉखला बेत बदलला तर आलेल्या वाटेनेच परत जाता येतं, ती पाहिलेली असते. आणि धुकं आलं तर शेवटी बेनयेलरीच्या धारेवरचा दगडी गडगा मिळतो, कोकणातल्यासारखाच, चुन्याशिवाय रचलेला. तो हाताशी धरून उतरता येतं. मेरिकची उत्तर बाजू मात्र कड्याची आहे. धुक्यात माथ्यावरून 'साधारण खाली' असं चालत सुटणं तिथे चालत नाही, कंपासवर दिशा लावूनच गडगा गाठायचा.

आणि दिशा कुठलीही घ्या, पूर्वेकडे उतरू नका. क्रेगनॉ आणि डंजन हिल या डोंगरांच्या पलीकडे सिल्व्हर फ्लो नावाची दलदल पसरलेली आहे. तिला आंतरराष्ट्रीय पाणथळ जागेचा दर्जा आहे. नकाशावर ती सपाट, म्हणून सोपी वाटते. माणूस कमरेपर्यंत जाईल अशा जागा तिच्यात आहेत.

मुलुंडचा_भटका:

धन्यवाद. मग दिशा हवामान पाहून त्या दिवशी ठरवू. पुढचे प्रश्न: (1) मुंबईत घेतलेला कंपास तिथे चालेल का? फोनवर ट्रॅक डाउनलोड करून घेतला तर कंपास हवाच का? (2) ग्लासगोहून बस-ट्रेनने ब्रूस स्टोनला पोचता येतं का? (3) एकाचे गुडघे जरा कुरकुरतात. त्याच्यासाठी काही?

नकाशाघर:

कंपासचं उत्तर 'बहुधा नाही' असं आहे आणि त्यामागचं कारण फार लोकांना माहीत नसतं. चुंबकीय सुई फक्त उत्तरेकडे वळत नाही, ती खालीही झुकते. मुंबईत हा झुकाव तिशीच्या आत आहे, स्कॉटलंडमध्ये सत्तर अंशांच्या आसपास. कंपास ज्या पट्ट्यासाठी बनवलेला असतो तिथे सुई आडवी राहावी म्हणून ती कारखान्यात समतोल केलेली असते. भारतासाठी समतोल केलेली सुई तिकडे एका टोकाने झुकून डबीच्या तळाला घासते, अडकते आणि चुकीची दिशा बिनधास्त दाखवते. 'ग्लोबल' सुईचा कंपास असेल तर प्रश्न नाही. नसेल तर तिथेच साधा बेसप्लेट कंपास (पारदर्शक पट्टीवर बसवलेला) विकत घ्या. तात्पुरती खूण: डबी पूर्ण आडवी धरून सावकाश गोल फिरवा. सुई कुठेही न अडखळता जागेवर राहिली पाहिजे.

बाकी काम सोपं आहे. ब्रिटनमध्ये सध्या चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत अगदी थोडा फरक आहे. गॅलोवेत तो एक-दोन अंशांचा, म्हणजे दुरुस्ती न करताही चालतं.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा. 1:50,000 चा लँडरेंजर 77 हा भाग दाखवतो, पण तुम्हाला 1:25,000 चा एक्सप्लोरर हवा. त्यावर गडगे आणि कुंपणं दिसतात आणि धुक्यात तीच कामाची. चौकोन एक किलोमीटरचा, 1:25,000 वर 4 सेंटिमीटर. मेरिकचा ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या चौकोनांनुसार जागेचा आकडा) एनएक्स 427 855, मुलव्हार्खरचा एनएक्स 454 866. म्हणजे दोन माथे सरळ रेषेत तीन किलोमीटरही दूर नाहीत, पण मधली खोलगट जागा आणि ईनॉखचा वाकडातिकडा काठ धरला तर तीन तास. सहा आकडी संदर्भ वाचायची सवय इथेच करा, मदत मागताना तोच सांगावा लागतो.

फोनबद्दल: ट्रॅक जरूर घ्या, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. पण बिनवाटेच्या डोंगरावर दुसऱ्याचा ट्रॅक ही वाट नसते, तो त्या माणसाचा त्या दिवशीचा मार्ग असतो. कोरड्या आठवड्यात कोणी सरळ दलदलीतून गेलेला असतो आणि पावसानंतर तुम्ही त्याच रेषेला चिकटून राहता. शिवाय ओल्या बोटांनी पडदा चालत नाही, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा, 10,000 एमएएचची पॉवर बँक घ्या (विमानात हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये नाही).

पावलं मोजा. सपाट जमिनीवर 100 मीटरला साधारण 60-65 दुहेरी पावलं पडतात, ठोंबांच्या गवतात ऐंशीच्या वर जातात. पहिल्या अर्ध्या तासात आपला आकडा काढून ठेवा.

एकपदरी:

प्रवास. ब्रूस स्टोनपर्यंत सार्वजनिक वाहन नाही. ग्लासगोहून एअर, गर्व्हनमार्गे रेल्वे आहे, न्यूटन स्ट्युअर्टपर्यंत बसही जोडून घेता येते, पण शेवटचा टप्पा टॅक्सीचा आणि तिची परतीची वेळ पक्की करावी लागते. दहा तासांच्या दिवसाला वेळेची बेडी घालणं बरं नाही. तिघे आहात, गाडी भाड्याने घ्या. ग्लासगोहून साधारण अडीच तास. भारतीय परवाना तिथे पर्यटकाला 12 महिने चालतो आणि वाहनं डावीकडूनच जातात. फक्त गिअरची गाडी चालवायची नसेल तर ऑटोमॅटिक आधीच सांगून ठेवा.

लॉख ट्रूलच्या काठचा रस्ता एकपदरी आहे आणि तिथेच संपतो. समोरून गाडी आली की आपल्या डावीकडची रुंद जागा असेल तर तिच्यात शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्या समोर आपल्या बाजूलाच थांबायचं. त्या जागांत गाडी उभी करून फोटो काढू नयेत, मागची लाकडाची ट्रक अडते. जंगलतोड चालू असेल तिथे वाट बंद असल्याचे फलक लागतात, ते पाळा.

मुक्काम न्यूटन स्ट्युअर्टला केलात तर खरेदीही होते. गॅसची स्क्रूवाली डबी तिथे घ्यायची, विमानात नेता येत नाही. खाण्याचं घरून नेणार असाल तर थेपले, चिक्की, खाकरे, सुकामेवा ठीक. पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेऊ देत नाहीत.

तंबू टाकायचा असल्यास स्कॉटलंडमध्ये 2003 च्या लँड रिफॉर्म कायद्याने जबाबदारीने चालण्या-राहण्याचा हक्क आहे. छोटा गट, एका जागी दोन-तीन रात्री, घरं आणि रस्त्यापासून दूर. शौच पाण्यापासून निदान 30 मीटर लांब, खड्डा करून. आणि एप्रिल-मेमध्ये वाळलेल्या गवताला वणवे लागतात, त्याखालचं पीटही (दलदलीत साचलेली, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती) धुमसत राहतं. उघडी शेकोटी पेटवू नका. स्टोव्ह कातळावर ठेवा.

ईनॉखला मुक्काम करायला मात्र सुंदर जागा आहे, ग्रॅनाइटची पांढरी वाळू असलेले छोटे किनारे. ही वाळू पूर्वी कोयत्यांना धार लावायला नेत असत. गॅलोवे 2009 पासून डार्क स्काय पार्क (रात्रीच्या काळोख्या आकाशासाठी मान्यता मिळालेली जागा) आहे, पण मेमध्ये रात्र इतकी उशिरा होते की ताऱ्यांसाठी जागरण करावं लागेल.

पाऊसपाणी:

गुडघ्यांसाठी: दोन काठ्या, एक नाही. उतारावर त्या जराशा लांब करा आणि दलदलीत टोकाला रुंद चकती लावा, नाहीतर काठी हातभर आत जाते. सॅक सहा-सात किलोच्या आत ठेवा. आणि त्या मित्रासाठी आधीच पर्यायी दिवस ठरवा: ब्रूस स्टोन ते मेरिक त्याच वाटेने जाऊन-येऊन, साधारण 13 किलोमीटर, पाच-सहा तास. ठोंबांतून चालताना गुडघ्याला जो आडवा झटका बसतो तो पायऱ्यांपेक्षा वाईट.

पाणी दोन लिटर न्या. ओढ्यांचं पाणी पीटमुळे चहासारखं तांबूस असतं, ते घाण नाही, पण वर मेंढ्या आणि रानबकऱ्या असतात. उकळा किंवा फिल्टर करा, आणि पीटने फिल्टर लवकर तुंबतो हे धरून सोबत क्लोरीनच्या गोळ्या ठेवा. गेअरलंड ओढा जोरात असेल तर हार मानून परत फिरा. मोठा पाऊस थांबल्यावर हे ओढे काही तासांत उतरतात, वाट पाहणं बहुतेक वेळा परवडतं. ओलांडायचाच झाला तर सॅकचा कमरपट्टा सोडा, बूट घालूनच उतरा, तोंड प्रवाहाकडे.

जळू_नव्हे_गोचीड:

गोचिडांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. वाळलेल्या नेच्यात आणि उंच गवतात असतात, मेमध्ये चांगल्याच सक्रिय. काही गोचिडांतून लाइम रोग होतो. भीमाशंकरची जळू मिठाने किंवा तंबाखूने सोडवायची सवय इथे उपयोगाची नाही. मीठ, तेल, काडीची आंच यांतलं काही करू नका, गोचीड त्यामुळे जखमेत ओकतं. बारीक टोकाचा चिमटा किंवा गोचिडाचं हत्यार (तिथे औषधांच्या दुकानात मिळतं) त्वचेला लागून धरा आणि सरळ वर ओढा, पिरगाळू नका. संध्याकाळी काख, जांघ, गुडघ्यामागचा भाग आणि कंबरपट्ट्याखाली बघा. पँट मोज्यात खोचली आणि फिकट रंगाची असली की दिसतात. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरत जाणारा लाल चट्टा किंवा फ्लूसारखा ताप आला तर मुंबईतल्या डॉक्टरांना गोचीड चावल्याचं स्वतःहून सांगा. इथे सहसा त्यांच्या डोक्यात ते येत नाही.

नकाशाघर:

हवामानासाठी 'माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस'चा सदर्न अपलँड्सचा अंदाज आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी पहा. तापमानापेक्षा वारा आणि ढगांची उंची आधी वाचा. ढग 600 मीटरच्या खाली असतील तर दोन्ही माथे ढगात.

मदतीसाठी 999 किंवा 112, आधी 'पोलीस' मागायचे, मग 'माउंटन रेस्क्यू'. ही सेवा स्वयंसेवकांची आणि मोफत आहे. त्या खोऱ्यांत नेटवर्क बराच वेळ नसतं. कधी कधी फोन लागत नाही पण संदेश जातो, म्हणून ब्रिटनचं सिम घ्या आणि पोचल्यावर 999 ला 'रजिस्टर' असा संदेश पाठवून नाव नोंदवा. ही नोंद आधी केलेली असावी लागते. शिट्टीची खूण: एका मिनिटात सहा फुंका, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. तिघांकडे तीन शिट्ट्या, तीन टॉर्च, आणि तिघांना पुरेल असा एक सर्व्हायव्हल शेल्टर (आत बसायचं, वाराप्रतिबंधक कापडी आवरण), साधारण अर्धा किलोचा. वाऱ्यात थांबावं लागलं तर तोच उपयोगी पडतो.

मुलव्हार्खर अजून का असा निवांत राहिला याची एक बाजू अशी: 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या ग्रॅनाइटमध्ये अणुकचरा पुरता येईल का हे पाहायला खोदाई करायचा प्रस्ताव होता. स्थानिकांनी जोरात विरोध केला, 1980 मध्ये सार्वजनिक चौकशी झाली आणि खोदाई झालीच नाही.

मुलुंडचा_भटका:

कंपास आज मित्राच्या कंपासशेजारी फिरवून पाहिला, माझ्या डबीवर 'ग्लोबल' लिहिलेलं नाही. ग्लासगोला घेईन. जाळी, गेटर आणि चिमटा यादीत टाकले. बेत असा: मंगळवार आणि बुधवार दोन्ही मोकळे ठेवायचे, ढग वर असलेला दिवस मुलव्हार्खरचा, दुसरा मेरिकचा.

कातळटप्पा:

तसं करत असाल तर मुलव्हार्खरच्या दिवशी मेरिक डोक्यातून काढूनच टाका. नेलड्रिकनच्या वाटेने जाऊन त्याच वाटेने परत या, सात-साडेसात तास. वेळ उरला तर ईनॉखच्या काठावर बसा. आणि न्यूटन स्ट्युअर्टला जिथे राहाल तिथे मार्ग, निघायची वेळ आणि 'रात्री आठपर्यंत आलो नाही तर फोन करा' असं कागदावर लिहून द्या. परत आलात की त्यांना तसं सांगायला विसरू नका, नाहीतर रेस्क्यूवाले विनाकारण निघतील.